आधी तू बस : विमानातले हादरे आणि तुमची पत्रं

मागच्या अंकात विमानातल्या नोकरीबद्दल लिहिलं, त्यात हवेतल्या हादऱ्यांवर, म्हणजे टर्ब्युलन्सवर, जेमतेम चार ओळी होत्या. आलेल्या पत्रांपैकी निम्मी त्या चार ओळींवरच आहेत. मी सव्वीस वर्षं केबिन क्रू म्हणून उडले, त्यातली शेवटची सात वर्षं नव्या मुलामुलींना शिकवण्यात गेली. या वेळी हा एकच विषय घेते. पत्रं थोडी कापली आहेत, नावं गाळली आहेत.

*

ताई, माझ्या मुलीची केबिन क्रू म्हणून निवड झाली आहे. पुढच्या महिन्यात ट्रेनिंगला जाईल. घरात सगळे खूश आहेत, मी सोडून. दोन वर्षांपूर्वी टीव्हीवर पाहिलेलं ते सिंगापूरचं विमान माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. छताचे तुकडे लोंबतायत, जेवण जमिनीवर सांडलंय. असं विमान मोडून पडलं तर? तिला नको म्हणू का? (एक आई, सांगली)

वहिनी, आधी विमानाचं सांगते, म्हणजे तेवढी तरी भीती बाजूला होईल. हादऱ्यांनी पंख मोडतील असं तुमच्या मनात आहे. जानेवारी १९९५ मध्ये बोइंगनं ७७७ या विमानाचे पंख जमिनीवरच, मुद्दाम वाकवून वाकवून मोडून पाहिले. विमानाला उभ्या आयुष्यात जास्तीत जास्त जेवढा भार सोसावा लागेल असा हिशेब असतो, त्याच्या दीडपट भार पंखांनी सोसलाच पाहिजे, असा नियम आहे. ते पंख १५४ टक्क्यांना मोडले. तोवर त्यांची टोकं सुमारे २४ फूट वर वाकली होती. तुम्ही म्हणता ते सिंगापूरचं विमानही ७७७ जातीचंच. ते बँकॉकला आपल्या चाकांवर नीट उतरलं.

आता त्या विमानात काय झालं ते. २१ मे २०२४. लंडनहून सिंगापूरला निघालेलं विमान, २११ प्रवासी, १८ कर्मचारी, म्यानमारवर ३७,००० फुटांची उंची. बातम्यांत ‘विमान सहा हजार फूट कोसळलं’ असं आलं होतं. तसं झालं नव्हतं. ते सहा हजार फूट वैमानिकांनी नंतर, विमान पूर्ण ताब्यात असताना उतरवले. चौकशीत यंत्रांच्या नोंदींवरून निघालं ते असं : माणसं जखमी झाली त्या वेळी विमान खाली गेलं १७८ फूट, ४.६ सेकंदांत. आपलं रोजचं वजन म्हणजे एक ‘जी’ धरतात. तिथे ते ०.६ सेकंदात १.३५ वरून उणे १.५ वर गेलं. उणे म्हणजे तुमच्या पायाखालची जमीन तुमच्यापेक्षा वेगानं खाली जाते आणि तुम्ही छताला जाऊन आदळता. पुढच्या चार सेकंदांत ते पुन्हा अधिक १.५ झालं, म्हणजे वर गेलेली माणसं दाणकन खाली आली. छताचे जे तुकडे तुम्हाला लोंबताना दिसले, ते माणसांच्या डोक्यांनी फुटले होते. एक वयस्क प्रवासी त्यात गेले.

म्हणून मला विमानाची काळजी नाही, आत पट्टा न लावलेल्या माणसाची आहे. आणि विमानात पट्टा न लावता सगळ्यात जास्त वेळ कोण असतं? तुमची मुलगी असणार आहे. हे तुमच्यापासून लपवणार नाही. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाकडे २००९ ते २०२२ या काळातल्या हादऱ्यांनी गंभीर जखमी झालेल्यांची नोंद आहे : एकूण १६३ माणसं. त्यात प्रवासी ३४ आणि कर्मचारी १२९. एकशेऐंशी प्रवाशांमागे कर्मचारी चार-पाच असतात, तरी ही संख्या. कारण साधं आहे. ‘पट्टा लावा’ असा दिवा लागला की प्रवासी पट्टा लावतो, आणि त्याने लावला की नाही हे बघायला आमची मुलगी उभी असते.

माझंच सांगते. जूनचा पहिला आठवडा, पाऊस लागला नव्हता पण ढग चढलेले. संध्याकाळचं नागपूर-मुंबई. विमान उतरायला लागलं होतं, पट्ट्याचा दिवा लागला होता, माझं केबिन बघून झालं होतं. मागच्या गॅलीत, म्हणजे विमानातल्या छोट्या स्वयंपाकघरात, माझ्या हाताखालची मुलगी जंपसीटवर, आमच्या घडीच्या खुर्चीवर, बसून खांद्यांवरचे पट्टे ओढून घेत होती. मी बसणार तेवढ्यात घंटी वाजली. अठ्ठाविसाव्या रांगेतल्या आजोबांना गोळीसाठी पाणी हवं होतं. मी पाणी दिलं, रिकामा ग्लास घेतला, वळले. गॅलीच्या तोंडाशी आले आणि पाय जमिनीला लागेनासे झाले. आवाज आठवत नाही. खांदा वर कशाला तरी लागला, आणि मग सगळं अंग उजव्या घोट्यावर आलं. ती मुलगी पट्टा सोडायला लागली तशी मी खालूनच ओरडले, ‘उठू नकोस! उठायचं नाही!’ जंपसीटच्या खालच्या दांडीला दोन्ही हातांनी धरून मी तशीच पडून राहिले. तिने पायांनी माझ्या कमरेला दाबून धरलं. दोन-अडीच मिनिटं गेली असतील. ती रडत होती, पण उठली नाही. ती उठली असती तर त्या दिवशी दोघी मोडलो असतो.

घोटा दोन ठिकाणी मोडला. आत धातूची पट्टी आणि सहा स्क्रू आहेत, थंडीत अजून कळतात. पण त्यापेक्षा मनात राहिला तो नंतरचा कागद. ज्या कंपनीत तेव्हा होते तिचं नाव घेत नाही. अपघाताच्या अहवालात पहिला प्रश्न होता : ‘दिवा लागल्यानंतर आपण उभ्या का होतात?’ आणि त्याच्याच खाली : ‘प्रवाशाची मागणी पूर्ण झाली होती का?’ दोन्हीला एकदम बरोबर ठरेल असं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी नंतर ज्या ज्या बॅचला शिकवलं, त्या प्रत्येकीला हे दोन प्रश्न फळ्यावर लिहून दाखवले.

तर मुलीला नको म्हणू नका. चांगली नोकरी आहे, आणि बसायला शिकलेल्या मुलीसाठी धोका खूप कमी होतो. पण आपल्या घरांत मुलींना एक सवय लावलेली असते. सगळ्यांची पानं वाढून झाल्याशिवाय बसायचं नाही. तुम्हीही लावली असेल, माझ्या आईने मला लावली होती. ती सवय विमानात घातक आहे. ट्रेनर सांगेलच, पण आईनं सांगितलेलं वेगळं असतं. तिला निघताना एवढंच सांगा : हादरे सुरू झाले की आधी तू बस.

*

मी निवृत्त शिक्षक आहे. दिल्लीहून येताना चहा आणि उपमा आधीच पैसे भरून घेतला होता. पट्ट्याचा दिवा लागला आणि सगळे कर्मचारी जाऊन बसले. चाळीस मिनिटं! शेवटी विमान उतरलं, चहा नाहीच. हा कामचुकारपणा नव्हे काय? (नाशिक)

काका, पैसे भरून चहा मिळाला नाही याचा राग येणारच. कंपनीकडे लेखी मागा, पैसे परत मिळायला हवेत. पण त्या मुलींना कामचुकार म्हणू नका, अशी तुम्हाला कळकळीची विनंती आहे.

उपमा कपात बंद असतो, त्यावर फक्त गरम पाणी घालतात. ते पाणी गॅलीतल्या बॉयलरचं असतं. दीड लिटरचा स्टीलचा जग, हातात धरून, अठरा-एकोणीस इंच रुंदीच्या वाटेतून, बसलेल्या माणसांच्या मांड्यांवरून तो पुढे करायचा. जमीन हलत असताना. मी भाजलेली मांडी पाहिली आहे, सहा वर्षांच्या मुलाची. त्याचे वडील शेजारी बसून आग्रह करत होते की नूडल्स आत्ताच हव्यात, पोराला भूक लागलीय. पाणी ओतणारी मुलगी नवी होती, तिला नाही म्हणता आलं नाही.

जगभर हेच बदलतंय. सिंगापूर एअरलाइन्सनं त्या घटनेनंतर लगेच ठरवलं की दिवा लागलेला असेल तर गरम पेयंच नव्हे, जेवणही थांबवायचं. कोरियन एअर पूर्वी उतरण्याआधी वीस मिनिटांपर्यंत केबिनमधलं काम करत असे. जुलै २०२४ पासून लांबच्या फेऱ्यांवर ते चाळीस मिनिटं आधीच आवरायला लागले, आणि ऑगस्टमध्ये इकॉनॉमीतल्या त्यांच्या प्रसिद्ध नूडल्सही बंद केल्या. अमेरिकेतल्या साउथवेस्टनं डिसेंबर २०२४ पासून कर्मचाऱ्यांना १०,००० ऐवजी १८,००० फुटांवरच काम आवरून तयारीला लावलं. उतरतानाच जास्त मुली जखमी होतात. तेव्हा खालचे ढग लागतात, आणि नेमकं तेव्हाच कप गोळा करायची, खुर्च्या सरळ करायची घाई असते.

तुमच्या त्या विमानात कॅप्टननं मुलींना बसायला सांगितलं असणार, आणि त्या बसल्या. शाळेत घंटा झाल्यावर वर्गात बसणारी मुलं तुम्हाला आवडत असतील ना? तसंच हे समजा.

*

ताई, मी लातूरला एव्हिएशनचा कोर्स करते. नोट्समध्ये लिहिलंय, ‘अचानक टर्ब्युलन्स आल्यास ट्रॉली सुरक्षित करावी व स्वतः सुरक्षित व्हावे.’ पण ट्रॉली मधल्या वाटेत असेल तर नक्की काय काय करायचं, कोणत्या क्रमानं? सर म्हणतात, पाठ कर.

पाठ करू नकोस, अंगात बसव. आणि तू विचारलंस ते बरं केलंस, कारण त्या एका वाक्यात दोन वेगळ्या वेळा कोंबल्या आहेत.

पहिली वेळ : कॅप्टनला आधी कळलेलं असतं. तो सांगतो, दहा मिनिटांनी हादरे येतील, इतका वेळ राहतील. तेव्हा ट्रॉली, म्हणजे जेवणाची चाकांची गाडी, उलटी ढकलत गॅलीत न्यायची, तिच्या खणात घालायची, वरचे-खालचे लॅच फिरवायचे, जग रिकामे करायचे, ओव्हनची दारं बंद, आणि जंपसीटवर चारही पट्टे. हे तुझ्या नोट्समध्ये आहेच.

दुसरी वेळ म्हणजे जिची आधी काही सूचनाच नसते. त्या सिंगापूरच्या विमानात पट्ट्याचा दिवा लावल्याचं वैमानिकानं म्हटलं, आणि त्यानंतर आठ सेकंदांत तो मोठा झटका बसला. आठ. माझ्या वर्गात मी पुठ्ठ्याच्या खुर्च्यांची रांग मांडायचे, खरी ट्रॉली ठेवायचे, मुलींना सेवा करायला लावायचे आणि मध्येच घंटी वाजवून मोठ्यानं आठ मोजायचे. पहिल्या दिवशी सगळ्या जणी ट्रॉली मागे ओढायला लागायच्या. आठ होईपर्यंत ती दोन रांगासुद्धा सरकायची नाही. भरलेली मोठी ट्रॉली शंभर किलोच्या घरात जाते, आणि तुझ्या बॅचमधली मुलगी पन्नास किलोची. ट्रॉली ओढायची नाही. जिथे आहे तिथे लाल पेडल दाबून ब्रेक लावायचा. वरचा गरम जग खाली, जमिनीवर किंवा ट्रॉलीच्या आत. तीन सेकंद गेले. आता तू.

रिकामी खुर्ची हाताला लागली तर बस आणि पट्टा लाव. नसली, आणि बहुतेक नसतेच, तर तिथेच वाटेत खाली बस आणि खुर्चीची दांडी किंवा हात घट्ट धर. शेजारच्या प्रवाशांना स्पष्ट सांग, ‘मला धरा.’ ते धरतात. मी पंजाबी आजींच्या मांडीवर बसले आहे, एकदा नव्हे दोनदा. त्यांनी पोटाभोवती हात असे आवळले की नंतर सोडायला वेळ लागला. आपल्याकडच्या मुलींना अनोळखी माणसाच्या मांडीवर बसायचा, जमिनीवर बसायचा संकोच वाटतो, युनिफॉर्ममध्ये तर फारच. तो संकोच वर्गातच घालव. मैत्रिणींबरोबर कर, हसा, पडा, पुन्हा करा.

ट्रॉली उडाली तर? उडू दे. तिला अडवायला हात घालू नकोस. तुझ्या दुसऱ्या टोकाला जी सहकारी आहे तिच्याकडेही धावायचं नाही. तिलाही हेच शिकवलेलं आहे.

आणि हे तुझ्या नोट्समध्ये नसेल, वहीत लिहून घे. बसायला कॅप्टनच्या हुकमाची वाट बघावी लागत नाही. पुढे कॉकपिटमध्ये जे जाणवतं त्यापेक्षा शेपटाकडे जास्त जाणवतं. मागच्या गॅलीत तुला उभं राहणं धोक्याचं वाटलं तर आधी बस, पट्टा लाव, मग इंटरफोन उचलून पुढे सांग. सीनियर पुढे काम करतेय म्हणून मागे लाजेनं उभी राहिलेली मुलगी मी बनून पाहिली आहे. प्रत्येक कंपनीचं मॅन्युअल थोडं निराळं असतं, नोकरी लागली की तिथलं पाळ. पण मोजायला आजपासून सुरुवात कर. आठ म्हणजे किती थोडं, ते मोजल्याशिवाय कळत नाही.

*

एअर पॉकेट म्हणजे हवा नसलेली जागा ना? वैमानिकांना रडारवर ती दिसत कशी नाही? (कोल्हापूर)

हवा नसलेली जागा आकाशात नसते. हवा खाली-वर वाहत असते आणि विमान तिच्याबरोबर जातं. रडारला ढगातले पाण्याचे थेंब दिसतात, म्हणून वळवाचे ढग टाळता येतात. पण कोरड्या, निरभ्र हवेतल्या उलथापालथीत थेंबच नसतात. ती रडारवर उमटत नाही. रेडिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये मांडलं की उत्तर अटलांटिकवर एखाद्या नेहमीच्या ठिकाणी असे तीव्र हादरे १९७९ मध्ये वर्षाला १७.७ तास असत, ते २०२० मध्ये २७.४ तास झाले. हवामान तापतंय, वरचे वारे बिघडतायत.

ढगांतलेही कमी नसतात. १ मे २०२२ ला मुंबईहून दुर्गापूरला जाणारं विमान उतरताना वादळात सापडलं, १४ प्रवासी आणि ३ कर्मचारी जखमी झाले. बंगालमध्ये त्या दिवसांत दुपारनंतर जी वादळं उठतात त्यांना तिथे कालबैसाखी म्हणतात. म्हणून दिवा विझलेला असला तरी बसल्या जागी पट्टा सैलसर लावूनच ठेवा.

*

आमची नात अकरा महिन्यांची. सून तिला घेऊन मुंबईहून लंडनला एकटीच जाणार आहे. मांडीवर घेतलं की पुरे ना? (पुणे)

नुसते हात पुरत नाहीत. मोठ्या झटक्यात बाळाचं वजन कितीतरी पटींनी वाढल्यासारखं होतं आणि आईच्याही हातात राहत नाही. कर्मचारी बाळासाठी छोटा जोडपट्टा देतात, तो आईच्या पट्ट्यात ओवायचा. दिला नाही तर मागून घ्यायला सांगा. आईच्याच पट्ट्यात बाळाला गुंडाळायचं नाही, आईचं वजन त्याच्यावर येतं. भिंतीवरचा पाळणा मिळाला तर दिवा लागला की बाळाला त्यातून काढून घ्यायचं, झोपलेलं असलं तरी. ऐपत असेल तर बाळाचं वेगळं तिकीट काढा आणि विमानात चालणारी चाइल्ड सीट न्या. आधी कंपनीला फोन करून कोणती चालते ते विचारा. सगळ्यात सुरक्षित तेच.

*

ताई, मी अजून उडते. गेल्या वर्षी मागच्या गॅलीत पडले, मानेला मार बसला. पाच महिन्यांनी कामावर आले. आता पट्ट्याच्या दिव्याची टिंग ऐकली की तळहात ओले होतात. मी लगेच जाऊन बसते. परवा एक सीनियर सगळ्यांसमोर म्हणाली, ‘हिला बसायचाच पगार मिळतो.’ मी भित्री झालेय का? (नाव-गाव देऊ नये)

नाही गं. तुझ्या शरीराला एकदा जे झालं ते त्याला आठवतं, एवढंच. मी घोटा बरा झाल्यावर पहिल्यांदा उडले तेव्हा टेक-ऑफच्या आधीच माझे पाय थरथरत होते, आणि ते शेजारी बसलेल्या मुलीला दिसू नयेत म्हणून मी गुडघ्यांवर मॅगझिन धरून बसले होते. ते लपवण्यात मी आठ महिने घालवले. तू घालवू नकोस. कंपनीच्या डॉक्टरांना तळहातांचं सांग, जसं मानेचं सांगितलंस तसंच. तिथे सांगायची भीती वाटत असेल तर बाहेरच्या समुपदेशकाकडे जा, पण जा. उपचारानं हे कमी होतं, माझं झालं.

त्या सीनियरचं बोलणं लिहून ठेव, तारीख घालून. पुन्हा म्हणाली तर ट्रेनिंग विभागाला लेखी कळव. तुझ्यावरचा तो टोमणा तिथे उभ्या असलेल्या दोन नव्या मुलींनीही ऐकलाय, आणि पुढच्या वेळी त्या बसायच्या आधी दोन सेकंद विचार करतील. मला तुझ्या तळहातांपेक्षा त्या दोन सेकंदांची जास्त काळजी वाटते.

माझ्याबरोबर जंपसीटवर होती ती मुलगी आता स्वतः ट्रेनर आहे. तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं, नाव न सांगता. तिला तुझ्याशी बोलायचंय, मलाही. पत्रात तू फोन नंबर दिला नाहीस. पाठव, तो छापला जाणार नाही. संध्याकाळी सातनंतर मी घरीच असते.